एका घडीला किती पावलं

काडीबाई माणसाशी बोलायला लागल्या की आधी त्याच्या उजव्या डोळ्याशी बोलायच्या, मग डाव्या डोळ्याशी, आणि दोघांचं एकमत आहे अशी खात्री पटली की मग माणसाशी. नवीन माणूस गोंधळून जायचा. त्याला वाटायचं, आपल्या नाकाला काहीतरी लागलंय. तो रुमाल काढून नाक पुसायचा. काडीबाई म्हणायच्या, "नाक स्वच्छ आहे तुमचं. नाकाशी माझं काही काम नाही, ते मधे येतं एवढंच."

सोलापुरात आमच्या पूर्व भागात डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना आहे, तिथं त्या होत्या. डॉक्टर नव्हत्या. माणसाचे दोन डोळे एकमेकांच्या जोडीनं नीट चालतात का, ते मोजायचं त्यांचं काम. त्यांचं खरं नाव तेलुगू आणि इतकं लांब होतं की खोलीच्या पाटीवर मावलं नव्हतं, शेवटची दोन अक्षरं खालच्या ओळीत जाऊन बसली होती. कुल्फीच्या काडीवर बारीक अक्षरं चिकटवून ती काडी त्या पोरांच्या नाकासमोर धरायच्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना काडीबाई म्हणायचो. तोंडावर अर्थातच मॅडम.

काडी त्यांना स्वतः खाल्लेल्या कुल्फीचीच लागायची. केसपेपर काढणाऱ्या काकू एकदा म्हणाल्या, "मॅडम, अहो काड्यांचं पाकीट मिळतं की दुकानात. शंभर येतात एका पाकिटात."

"मिळतं की," काडीबाई म्हणाल्या, "पण त्याला कुल्फी नसते."

दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग होते. दिवसभर खटाखट चालायचे. त्या आवाजावर चढून बोलायची काडीबाईंना सवय झालेली, आणि माग बंद असले तरी ती सवय काही बंद व्हायची नाही. त्यामुळे आत ज्याचं काय निघेल ते बाहेरच्या बाकावर सगळ्यांना कळायचं. एकदा एक तरुण आला होता, दुसऱ्या दिवशी त्याला मुलगी बघायला जायचं होतं. आतून आवाज आला, "दमलात की डावा डोळा बाहेर जातोय तुमचा!" तो बाहेर आला तेव्हा बाकावरच्या बायकांनी त्याला सल्ले देऊन ठेवले होते. एक म्हणाली, झोपून जा. दुसरी म्हणाली, सकाळीच जा. तिसरी म्हणाली, मुलीच्या उजव्या बाजूला बस.

मी असल्या बाकावर बसायला घाबरायची. मला चारचौघांत नुसतं नाव सांगायचं झालं तरी आवाज घशातच राहतो. पण मेघासाठी जावं लागलं. मेघा माझी मुलगी, तेव्हा दुसरीत होती. एरवी तिचे डोळे सरळ असायचे. पुस्तक उघडून वाचायला बसली की उजवा डोळा हळूच नाकाकडे सरकायचा. मग ती म्हणायची, "आई, ओळीवर ओळ चढली." शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, वाचनात मागे आहे. माझ्या सासूबाईंना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. "वळतोय तर वळू दे की. लई नशीबवान असत्यात असली पोरं. माज्या चुलत जावंचा वळत हुता, तिला तीन ल्योक झाले."

पहिल्या दिवशी काडीबाईंनी मेघाचे दोन्ही डोळे बघितले, मग माझे बघितले आणि विचारलं, "काम काय करता?"

"चादरीच्या कारखान्यात हाय," मी म्हटलं.

"ऐकू येत नाही."

"चादरीच्या कारखान्यात. घड्या घालते."

"एकट्या?"

"न्हाय. समोर शोभा असती."

"उठा," म्हणाल्या, आणि तपासायच्या पलंगावरची चादर त्यांनी ओढून काढली. दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन आपण धरली. "आता सांगा. एक घडी घातली की किती पावलं पुढं येता तुम्ही?"

"दोन."

"आणि चार आलात तर?"

"मधेच लोंबती की."

"आणि आलाच नाहीत तर?"

"ताणती. शोभाच्या हातातनं सुटती. मग ती शिव्या घालती."

"झालं! तेवढंच आहे सगळं." चादर तशीच माझ्या अंगावर टाकून त्या बसल्या. "जवळचं बारीक काही बघायचं असलं की डोळ्याच्या आत घडी पडते, तेव्हाच स्पष्ट दिसतं. आणि घडी पडली की दोन्ही डोळ्यांनी नाकाकडे पावलं टाकायची असतात. एका घडीला किती पावलं, ते ज्याचं त्याचं ठरलेलं. तुमची पोरगी दोनाच्या जागी पाच टाकते, असा माझा संशय आहे. संशयावर मी काही लिहीत नाही. पुढच्या शनिवारी या, मोजू."

मोजायचं कसं तेही त्यांनी सांगितलं. मेघानं काडीवरची अक्षरं वाचायची. ती वाचत असताना काडीबाई काळ्या चमच्यानं एकदा हा डोळा झाकणार, एकदा तो, आणि काचेच्या ठोकळ्यांची एक शिडी डोळ्यासमोर वरखाली करून डोळा किती सरकला ते मोजणार. मग मेघाच्या डोळ्यांवर एक भिंग लावणार. घडी घालायचं काम ते भिंगच करतं, डोळ्याला करावं लागत नाही. मग पुन्हा वाचायचं, पुन्हा मोजायचं. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात जो फरक पडेल, त्यावरून पावलं कळणार.

मला सगळं कळलं. म्हणजे कळलं असं मला वाटलं. पण बाहेर बाकावर बसून केसपेपरची वाट बघताना दुसरंच काहीतरी डोक्यात शिरलं. आत एकेक पोरगं जात होतं आणि भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, "न, ट, व, ब, ख." जे अडखळायचं त्याला काडीबाई ओरडायच्या, "नीट बघ, परत वाच!" आणि जे धडाधड म्हणायचं त्याला म्हणायच्या, "शाब्बास!" मी मनात म्हटलं, ही तर परीक्षा आहे.

परीक्षेचं मला फार भय. लोक विचारायचे, कितवी शिकलीस? मी म्हणायची, चौथी नापास. तसं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. शाळेनं मेघाला मागे आहे म्हटलं तेव्हापासून मला झोप नव्हती. ही पण माझ्यासारखीच निघाली तर? म्हणून तो आठवडाभर मी तिच्याकडून पाठ करून घेतलं. भाकरी थापताना न, ट, व, ब, ख. वेणी घालताना न, ट, व, ब, ख. शेवटी शेवटी ती दोरीवरच्या उड्या मारताना तेच म्हणायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "कुटला मंतर हाय ह्यो?"

शनिवारी मेघा खुर्चीत बसली. काडी समोर आली आणि तिनं एका दमात म्हणून टाकलं, वर पंख्याकडं बघितलं, परत म्हणून टाकलं. काडीबाई खूश. "किती हुशार पोरगी!" माझा ऊर भरून आला. त्यांनी मोजलं, आकडा लिहिला. भिंग लावलं, मोजलं. तोच आकडा. पुन्हा भिंग काढलं, मोजलं. तोच. शिडीनं डोकं खाजवत त्या म्हणाल्या, "हलतच नाही."

मला वाटलं, पोरगी ठाम आहे. चांगलंच आहे.

त्या दिवशी महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येणारे मोठे डॉक्टर आलेले होते. त्यांनी मेघाला आपल्या मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि विचारलं, "बारीक काटा कुठं आहे?" मेघानं काटा शोधला आणि तिचा उजवा डोळा सरळ नाकाला जाऊन टेकला.

"वळतोय की चांगलाच," डॉक्टर म्हणाले. "आणि भिंगानं काही फरक नाही म्हणता?"

"नाही सर. पण आकडा खोटं बोलतोय."

"आकडा तुमचाच आहे, बाई."

"म्हणून तर सांगते."

डॉक्टर हसले. म्हणाले, "भिंगानं फरक पडला असता तर चष्म्यावर भागलं असतं. पडत नसेल तर डोळ्याच्या स्नायूचं ऑपरेशन करावं लागेल. दुपारपर्यंत आहे मी. आणखी एकदा मोजा. तेच आलं तर पुढच्या महिन्याची तारीख देऊन टाकू."

काडीबाईंनी आणखी एकदा मोजलं. मेघानं आणखी एकदा म्हणून दाखवलं, आता तर चाल लावून. तोच आकडा. काकूंनी ऑपरेशनचा कागद काढला आणि मला म्हणाल्या, "इथं सही करायची, ताई. येते ना सही?"

सही मला येते. पण हात चालेना. ऑपरेशन म्हणजे माझ्या पोरीच्या डोळ्याला सुरी लागणार, आणि का लागणार, तर आठवडाभर मी तिला शिकवलं म्हणून. ती अक्षरं बघतच नव्हती. बघत नव्हती तर घडी पडत नव्हती, आणि घडीच नाही तर पावलं कुठली? हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. फक्त ते तोंडातून बाहेर येईना.

मी काडीबाईंच्या दारात गेले. त्या डबा खात होत्या. मी विचारलं, "प्यायचं पाणी कुटं हाय?" त्यांनी दाखवलं. मी पाणी पिऊन परत गेले आणि विचारलं, "बाथरूम कुटं हाय?" त्यांनी दाखवलं. मी तिसऱ्यांदा गेले. "किती वाजले असतील, मॅडम?"

काडीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मेघाची आई, पाणी झालं, बाथरूम झालं, वेळ झाली. आता खरं काय ते बोला की."

"तिला पाठ हाय."

"ऐकू येत नाही. माग चालू आहेत. मोठ्यानं!"

"तिला पाठ हाय!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. "न ट व ब ख! मी शिकवलं घरी! ती बगतच न्हाय काडीकडं!"

बाहेर बाकावर चर्चा सुरू झाली. काय म्हणाली? पाठ हाय म्हणाली. काय पाठ हाय? न ट व ब ख. मग एक बाई जरा चाचरत म्हणाली, "आमच्या सागरलाबी पाठ हाय." कोपऱ्यातली एक आजी म्हणाल्या, "आमच्या बारकीला तर उलटंबी येतंय." आणि बारकीनं लगेच म्हणून दाखवलं, "ख, ब, व, ट, न!"

काडीबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अय्यो अम्मा! म्हणजे इतके दिवस मी डोळे मोजतेय की तुमची पाठांतरं?"

मला वाटलं आता हाकलतील. पण त्या उठल्या आणि त्यांनी काकूंच्या टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं. त्यातल्या छोट्या जाहिरातींमधली एक कात्रीनं कापली, काडीवर चिकटवली आणि मेघासमोर धरली. "वाच."

मेघा अडखळली. "भा... भाड्या... भाड्याने देणे. दोन खो... खोल्या..."

'दोन खोल्या' येईपर्यंत डोळा सरकायला लागला. 'नळाचे पाणी' आलं तेव्हा अर्ध्या वाटेत होता, आणि 'संडास स्वतंत्र' येईपर्यंत नाकाला जाऊन भिडला. काडीबाईंनी शिडी लावली, आकडा लिहिला. मग भिंग लावलं. मेघानं परत वाचायला घेतलं, आणि माझ्या समोर, दोन खोल्यांपासून स्वतंत्र संडासापर्यंत डोळा जागचा हलला नाही.

"हलला!" काडीबाई ओरडल्या. डोळा हलला नव्हता, आकडा हलला होता. एका हातात काडी, दुसऱ्या हातात शिडी, अशा त्या डॉक्टरांच्या खोलीत धावल्या, आणि त्यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू आला, "सर, पाच पावलं! मी म्हटलं नव्हतं? पाच!" लेकरू वर्गात पहिलं आल्यासारखा आनंद. एका पोरीचा डोळा इतका वाकडा गेला म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी स्वतः वाचायला लावून खात्री केली आणि ऑपरेशनचा कागद परत काकूंच्या खणात गेला. मी मेघाला घेऊन निघाले. काडीबाई म्हणाल्या, "मेघाची आई, एक सांगते. माझ्याकडे कुणी पास होत नाही, कुणी नापास होत नाही. फक्त मोजलं जातं. आणि आकडा मी कुणाला खूश करायला बदलत नाही. लग्नकार्य असेल तर साडी देते. आकडा देत नाही."

मेघाला वर एक नंबर, खाली एक नंबर असा रेघेचा चष्मा लागला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला म्हाताऱ्याचा चष्मा घातला व्हय गं?" शाळेतली पोरं तिला आज्जी म्हणायला लागली. ती रडत काडीबाईंकडं गेली. काडीबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, तुमच्या चष्म्याला एकच मजला आहे, माझ्या चष्म्याला माडी आहे." त्यानंतर वर्गातल्या दोन पोरींनी घरी रेघेच्या चष्म्यासाठी हट्ट धरला.

काडीबाईंनी त्या दिवसापासून कुणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. दर आठवड्याला नवीन काड्या, नवीन जाहिराती. कुल्फ्या वाढल्या, काडीबाई पण थोड्या वाढल्या. बाकावर बसलं की आता आतून निराळंच ऐकू यायचं. कुणी पोरगं ओरडत असायचं, "वधू पाहिजे, उंच, सुस्वभावी!" कुणी ओरडायचं, "जुना फ्रिज विकणे आहे!" केसपेपरवाल्या काकूंना तर एका काडीवरच भाड्याची खोली सापडली. सहा वर्षांच्या पोरानं वाचून दाखवली, संध्याकाळी जाऊन त्यांनी नक्की केली.

आम्ही दर सहा महिन्यांनी जायचो. पाच पावलांची साडेचार झाली, मग चार. एकदा मी धीर करून म्हटलं, "मॅडम, साडेतीन लिहा की. पोरीला बरं वाटंल."

"मग डोळ्याला पण तसंच सांगा," त्या म्हणाल्या आणि चारच लिहिलं. साडेतीन झाली तेव्हा साडेतीन लिहिलं, आणि मेघाच्या हातावर एक कुल्फी ठेवली. आठवीत खालचा नंबर गेला, रेघ गेली. आता मेघा दहावीत आहे, साधा चष्मा आहे, आणि वाचायला बसली की घरात कोण आलं गेलं तिला कळत नाही.

काडीबाई निवृत्त झाल्या. मुलीकडे हैदराबादला जाणार होत्या. शेवटच्या दिवशी मी डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन गेले. मेघाची सराव परीक्षा होती, म्हणून एकटीच गेले. त्यांनी डबा तिथंच उघडला, अर्धी भाकरी मोडून खाल्ली, हात पुसला आणि म्हणाल्या, "बसा."

"मेघा आली न्हाय, मॅडम."

"मेघाचं नाही, तुमचं. आठ वर्षं येताय, त्या खुर्चीत कधी बसला नाहीत."

मी बसले. काडीवर कुठल्यातरी शिवणवर्गाची जाहिरात होती. मी सावकाश वाचली, सगळी वाचली. त्यांनी चमचा लावला, शिडी लावली, भिंग लावलं, काढलं, परत लावलं. मला मनातून वाटत होतं, काहीतरी निघावं. मेघाला ओळीवर ओळ चढलेली दिसायची, तसं शाळेत मलाही दिसत असणार, तेव्हा कुणी मोजलं नसणार, असं मी कितीतरी वर्षं मनाशी धरून ठेवलं होतं.

"एकदम सरळ," काडीबाई म्हणाल्या. "जितकी घडी तितकीच पावलं. पुढं वयाचा चष्मा लागेल, तो सगळ्यांनाच लागतो. बाकी काही नाही."

मी पदर सारखा करून उठायला लागले.

"काय हो? चांगलं सांगितलं तर चेहरा पडला?"

"मला वाटलं, डोळ्यामुळं झालं आसंल," मी म्हटलं. "शाळेचं. चौथी नापास हाय मी."

त्यांनी कागदावरचा आकडा परत एकदा वाचून बघितला. "नाही. डोळ्यांनी काही केलेलं नाही. खोटं सांगू?"

"नको."

"चौथीचा निकाल काय लागला होता तुमचा?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "पास," मी म्हटलं.

"मग पाचवीला?"

"पाठवलं न्हाय. घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरायला बसवलं. धाकटी भावंडं हुती."

"मग नापास कधी झालात?"

मी आठवत राहिले. काडीबाईंनी घाई केली नाही. मागे माग चालू होते. बाहेर रिक्षा आली, रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तरी त्या थांबल्या. मग उठल्या, उरलेलं कागदात बांधून घेतलं, नळाखाली डबा धुतला, पदरानं पुसून माझ्या हातात दिला आणि पिशवी उचलून गेल्या.

घरी आले तर मेघा पेपर देऊन आली होती. तिनं विचारलं, "काय म्हणाल्या गं मॅडम?"

मी म्हटलं, "माझे डोळे चांगले हायत म्हणाल्या. आणि मेघा, मी चौथी पास हाय."